अल्मोड्यांतील एकांत

ता. ११ मे १८९८ रोजीं कलकत्त्याहून उत्तरेकडे निघालेल्या एका लहानशा मंडळीकडे पाहून स्टेशनवरील लोकांस आश्चर्य वाटलें असल्यास नवल नाहीं. भगव्या वस्त्रांतील कांहीं संन्यासी आणि त्यांच्यासमवेत चार पाश्चात्य स्त्रिया, असा तो मेळ होता. संन्याशांचे पुढारी स्वामी विवेकानंद. स्त्रियांपैकीं एक, नॉर्वेचे प्रख्यात व्हायोलिनवादक ओले बुल यांच्या विधवा पत्नी सारा बुल. दुसऱ्या अमेरिकेंतील जोसेफीन मॅक्लाउड. तिसऱ्या कलकत्त्यांतील अमेरिकन कॉन्सल-जनरलच्या पत्नी मिसेस पॅटर्सन. आणि चौथ्या, तीस वर्षांच्या मार्गारेट एलिझाबेथ नोबल. या चौथ्या बाईंस अवघ्या सात आठवड्यांपूर्वीं, २५ मार्च रोजीं, स्वामींनीं ब्रह्मचर्याची दीक्षा देऊन ‘निवेदिता’ हें नांव ठेवलें होतें. मंडळी निघाली होती ती हिमालयांतील अल्मोड्यास.

प्रवासाची वेळ मात्र विचार करण्यासारखी होती. मुंबईस १८९६ सालीं आणि पुण्यास १८९७ सालीं ज्या प्लेगनें कहर केला, तो नुकताच कलकत्त्यांत येऊन पोंचला होता. पुण्यांतील घरझडत्या आणि २२ जून १८९७ रोजीं रँडवर झाडली गेलेली गोळी यांची आठवण देशभर ताजी होती. त्यामुळें रोगाइतकीच भीति लोकांस सरकारी उपायांची वाटत होती. विवेकानंद त्या वेळीं दार्जिलिंगला प्रकृतीसाठीं गेले होते. बातमी ऐकतांच ते ३ मे रोजीं परतले, लोकांस धीर देणारें पत्रक त्यांनीं तयार करविलें, आणि पैसा कोठून आणणार असें एका गुरुबंधूनें विचारतांच, गंगातीरीं मठासाठीं नुकतीच घेतलेली जमीन विकूं, असें ते बोलून गेले. पुढें घबराट ओसरली आणि जमीन विकण्याची वेळ आली नाहीं. तरीसुद्धां, सेवेसाठीं सातासमुद्रांपलीकडून आलेल्या बाईंना, सेवेचा प्रसंग दाराशीं उभा असतां, शहराबाहेर शेंकडों मैल दूर डोंगरांत कां नेलें, हा प्रश्न उरतोच.

मार्गारेट नोबल यांचा जन्म आयर्लंडमधील डंगॅनन या गांवीं २८ ऑक्टोबर १८६७ रोजीं झाला. वडील धर्मोपदेशक होते. ते ऐन तारुण्यांत वारले. मुलीनें शिक्षण संपवून शिक्षिकेचा पेशा पत्करला आणि पेस्तालोत्सी व फ्रोबेल यांच्या पद्धतींचा अभ्यास करून लंडनजवळ विंबल्डन येथें स्वतःची शाळा चालविली. १८९५ च्या नोव्हेंबरांत लंडनमधील एका दिवाणखान्यांत त्यांनीं विवेकानंदांचें प्रवचन प्रथम ऐकलें. ऐकलें तें सारें त्यांस तेव्हांच पटलें असें नाहीं. वाद घालणें, शंका काढणें आणि मग मान्य करणें हा त्यांचा स्वभाव होता, आणि पुढील हकीकतीचें मर्म या स्वभावांतच आहे.

हिंदुस्थानांत येऊन स्त्रीशिक्षणाचें काम करण्याची इच्छा त्यांनीं कळविली, तेव्हां विवेकानंदांनीं २९ जुलै १८९७ रोजीं त्यांस एक पत्र लिहिलें. योगायोग असा, कीं तें पत्रही अल्मोड्याहूनच गेलेलें आहे. परदेशीं सेवेस निघणाऱ्या माणसास लिहिलेलीं पत्रें बहुधा उत्साहवर्धक असतात. या पत्रांत उत्साह आहेच. हिंदुस्थानास पुरुषापेक्षां स्त्रीची, खऱ्या सिंहिणीची गरज आहे, असें त्यांत म्हटलें आहे. परंतु त्याबरोबरच येथील दारिद्र्य, अंधश्रद्धा, गुलामगिरी, असह्य उन्हाळा, गोऱ्या लोकांच्या नजरेंत येणारा वेडेपणाचा शिक्का आणि काळ्या लोकांच्या नजरेंतील संशय, यांची यादीही त्यांत निष्ठुरपणें दिली आहे. उडी घेण्यापूर्वीं नीट विचार करा. उडी घेतल्यावर जमलें नाहीं किंवा कंटाळा आला, तरी माझ्या बाजूनें मी मरेपर्यंत पाठीशीं उभा राहीन, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. शिवाय, स्वतःच्या पायांवर उभें राहा, मिस् मुल्लर किंवा दुसऱ्या कोणाच्या पंखाखालीं राहूं नका, असाही व्यवहारी इशारा त्यांत आहे.

तो इशारा कां दिला हें वर्षभरांतच दिसून आलें. हेन्रिएटा मुल्लर या इंग्लंडमधील धनाढ्य बाई. मठाच्या जमिनीसाठीं मोठी रक्कम त्यांनीं दिली. परंतु १८९८ संपण्याच्या सुमारास त्यांनीं या चळवळीशीं असलेला संबंध जाहीररीत्या तोडून टाकला. उदारपणें आलेलीं माणसें उदासपणें परत जातात, हा अनुभव परदेशीं सेवा करणाऱ्या सर्वच संस्थांस आहे. त्यांत नेहमींच कोणाचा दोष असतो असें नाहीं. मनांत बाळगलेला देश आणि डोळ्यांपुढचा देश यांचा मेळ बसत नाहीं, आणि तो बसविण्यास लागणारी उसंत कामाच्या धबडग्यांत कोणी देत नाहीं.

अशी उसंत मुद्दाम देण्याची रीत जुनी आहे. बौद्ध भिक्षूंनीं वर्षांतील आठ-नऊ महिने गांवोगांव हिंडावें, पण पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणीं राहून चिंतन करावें, असा दंडकच होता, आणि धर्मप्रसारासाठीं सिंहलद्वीपास गेलेल्या महेंद्रानेंही तो पाळला. ख्रिस्ती मिशनऱ्यांतही कामांतून अंग काढून कांहीं दिवस मौनांत घालविण्याचा प्रघात आहे. अल्मोड्याचा प्रकार मात्र या दोहोंहून निराळा झाला. तेथें मौन थोडें होतें. बोलणें, आणि तेंही झोंबणारें बोलणें, फार होतें.

काठगोदामपर्यंत आगगाडीनें जाऊन मंडळी नैनीतालला चढली. खेत्रीचे महाराज त्या उन्हाळ्यांत तेथें होते. नैनीतालचा एक प्रसंग निवेदितांनीं टिपून ठेवला आहे. देवळाजवळ दोन नर्तकी स्वामींच्या पाश्चात्य शिष्यांस पाहून जवळ आल्या आणि बोलूं लागल्या. त्यांस घालवून द्यावें अशी भोवतालच्यांची अपेक्षा. स्वामींनीं तें साफ नाकारलें. राजा राममोहन राय यांच्याविषयींही ते येथेंच बोलले, आणि त्यांनीं वेदान्ताचा केलेला स्वीकार, त्यांची देशभक्ति, आणि हिंदूंइतकेंच मुसलमानांस कवटाळणारें त्यांचें प्रेम या तीन गोष्टी आपण त्यांच्यापासून घेतल्या, असें त्यांनीं सांगितलें. पुढें प्रवासांत विद्यासागरांच्या आणि डेव्हिड हेअर यांच्या गोष्टी निघाल्या. हेअर हे स्कॉटलंडचे घड्याळजी. १८०० सालीं कलकत्त्यास आले, बंगाली मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं आपली मिळकत खर्चिली, आणि १८४२ सालीं पटकीनें ते वारले. ते नास्तिक म्हणून ख्रिस्ती स्मशानांत त्यांस जागा मिळाली नाहीं. विद्यार्थ्यांनींच त्यांचें दफन केलें. परदेशांत शिकविण्यास आलेल्या शिक्षिकेस ही कथा ऐकविण्यांत कांहीं हेतु नसेल असें म्हणवत नाहीं.

अल्मोड्यास पोंचतां पोंचतां रात्र झाली. कंदील-मशालींच्या उजेडांत देवदार-पाइनच्या रानांतून शेवटची वाट काढावी लागली. बायकांचें बिऱ्हाड ओक्ले हाउस नांवाच्या बंगल्यांत, आणि स्वामी उतरले ते कॅप्टन सेव्हियर व त्यांच्या पत्नी यांच्याकडे. हें इंग्रज दांपत्य १८९६ च्या अखेरीस विवेकानंदांबरोबर युरोपांतून निघालें होतें. उरलेलें आयुष्य याच देशांत घालवावयाचें असा त्यांचा निश्चय होता. रोज सकाळीं लवकर फिरून स्वामी ओक्ले हाउसवर येत, न्याहारीच्या वेळीं व्हरांड्यांत बसत आणि तासन् तास बोलत. विषयांस सीमा नसे. उमा-महेश्वराच्या पौराणिक कथा, अकबर, शहाजहान, चीनची संस्कृति, मध्य आशियांतील जातींच्या हालचाली, युरोपांतील सत्तांचा उदय. निवेदिता हें सारें टिपून घेत. त्या टिपणांतून झालेलें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१३ सालीं, प्रसिद्ध झालें. आणि ‘द मास्टर अ‍ॅज आय सॉ हिम’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १९१० चा. अल्मोड्याची हकीकत आज कळते ती मुख्यतः या दोन पुस्तकांतून. एखाद्या शिष्येनें आपल्या मनस्तापाची हकीकत इतक्या सरळपणें लिहावी, आणि गुरूविषयींचा भक्तिभाव तिळमात्र कमी होऊं न देतां लिहावी, हें विरळा आढळतें.

मनस्तापाचें मूळ बेलूर येथेंच रुजलें होतें. दीक्षेनंतर एके दिवशीं स्वामींनीं सहज विचारलें, कीं आतां तुम्ही स्वतःस कोणत्या राष्ट्राच्या मानतां? उत्तर ऐकून ते थक्क झाले. जन्मानें आयरिश असलेल्या या बाईंच्या मनांत इंग्रजी निशाणाविषयीं जी उत्कट निष्ठा होती, ती पाहून, हिंदु स्त्रीनें आपल्या इष्टदेवतेवर ठेवावी तशी ही भक्ति आहे असें त्यांस वाटलें. त्या वेळीं त्यांनीं विषय वाढविला नाहीं. परंतु अल्मोड्यास आल्यावर दररोज सकाळीं त्या निष्ठेवर घाव बसूं लागले. शाळा सुरू झाली होती, आणि शाळेंत जाणें कोणासही गोड वाटत नाहीं, अशा अर्थाचें निवेदितांनीं लिहिलें आहे. वीस-पंचवीस मुलांसमोर उभें राहण्याची संवय असलेली शिक्षिका आतां स्वतः बांकावर बसली होती.

या वादाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. इंग्लंडचा द्वेष करा असें विवेकानंदांचें सांगणें नव्हतें. त्या वेळीं त्यांचे कित्येक जिवलग सहकारी इंग्रजच होते. माणसांच्या कृतीमागें, मग तीं आपल्या देशाचीं असोत वा परक्या, बहुतेक वेळां स्वार्थ असतो, एवढें तुम्ही स्वच्छ पाहा, हा त्यांचा आग्रह. निवेदिता उत्तर देत तें असें, कीं अमक्या देशाचे लोक तरी देवदूतच आहेत. अशा देशभक्तीस स्वामींनीं एकदां पाप म्हटलें. बाईंनीं हटावें, त्यांनीं टाळावें, पुन्हां दुसऱ्या दिवशीं तोच विषय यावा. एखाद्या चित्राविषयीं मतभेद असो, एखाद्या इतिहासकथेविषयीं असो, वाद फिरून त्याच जागीं येई.

निवेदितांस दुःख झालें तें निव्वळ वादाचें नव्हे. लंडनमध्यें भेटलेला स्नेहाळ, विनोदी, समजून घेणारा गुरु त्यांच्या मनांत होता. त्याच्या सहवासांत काम करावयाचें म्हणून त्यांनीं घर, शाळा, आई, भावंडें सोडलीं. आणि येथें आल्यावर तो गुरु त्यांस उदासीन, कधीं कधीं तर चक्क विरोधी वाटूं लागला. देश सोडून आलेल्या माणसाची ही अवस्था किती एकाकी असेल! मागें परतण्यास तोंड नाहीं; पुढें बोट धरून नेणारा हात झिडकारीत आहे. येथें हेंही म्हटलें पाहिजे, कीं विवेकानंदांची ही पद्धत निर्दोष होती असें सर्वांनींच मानण्याचें कारण नाहीं. तीच औषधयोजना दुबळ्या प्रकृतीच्या माणसास दिली असती तर रोग्यासह औषधही फुकट गेलें असतें. बरोबरच्या स्त्रियांपैकीं एका वयस्क बाईंसही तसेंच वाटलें असावें. त्यांनीं स्वामींकडे जाऊन, हा ताण फार झाला, अशी रदबदली केली. विवेकानंदांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि ते निघून गेले.

त्याच दिवशीं सायंकाळीं ते परत आले. बाई व्हरांड्यांत होत्या. एखाद्या मुलानें आपली चूक कबूल करावी तशा साधेपणानें ते त्यांस म्हणाले, कीं तुमचें म्हणणें बरोबर आहे, हें बदललें पाहिजे. मी एकटाच रानांत जाऊन राहतों आणि येतांना शांति घेऊन येतों. इतक्यांत वर पाहतां त्यांस चंद्रकोर दिसली. मुसलमान लोक नव्या चंद्रास फार मानतात. आपणही या नव्या चंद्राबरोबर नवें आयुष्य सुरू करूं, असें म्हणून त्यांनीं हात वर केले आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या त्या बंडखोर शिष्येस आशीर्वाद दिला. संन्याशानें मुसलमानांच्या चंद्रदर्शनाची आठवण काढून आशीर्वाद द्यावा, हें नैनीतालला राममोहनांविषयीं बोललेल्या शब्दांशीं जुळणारेंच होतें.

त्या रात्रीं निवेदिता ध्यानास बसल्या, आणि आजवर तर्काच्या वाटेनें जें हातीं आलें नव्हतें तें त्यांस त्या दिवशीं गवसलें, असें त्यांनीं नमूद केलें आहे. थोर गुरु कधीं कधीं आपल्याशीं असलेलें शिष्याचें वैयक्तिक नातें हेतुपुरस्सर मोडून टाकतात, आणि त्या जागीं व्यक्तिनिरपेक्ष असें कांहीं ठेवतात, हा अर्थ त्यांनीं त्या अनुभवांतून काढला. अर्थ कोणी कसाही लावो, पण एक गोष्ट ऐतिहासिक दृष्ट्या स्पष्ट आहे. त्यानंतर निवेदितांच्या लेखनांत हिंदुस्थानाचा उल्लेख परक्या देशाचा म्हणून येत नाहीं. स्वामी रानांत असतांना त्यांचे तरुण शिष्य स्वरूपानंद निवेदितांस बंगाली आणि गीता शिकवीत, ध्यानाचे धडे देत. या तरुण संन्याशाचा दीक्षाविधि निवेदितांच्या पाठोपाठ कांहीं दिवसांनींच झालेला. म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही मार्गावर सारखेच नवखे.

५ जूनच्या रविवारीं स्वामी दुसऱ्या एकांतवासाहून परतले, तेव्हां त्यांच्यासाठीं दोन मृत्युवार्ता थांबल्या होत्या. एक गाझीपूरच्या पवहारी बाबांची, दुसरी जे. जे. गुडविन यांची. गुडविन हे लघुलेखक. १८९५ च्या डिसेंबरांत न्यू यॉर्क येथें स्वामींचीं व्याख्यानें उतरून घेण्यासाठीं त्यांस पगारावर नेमलें होतें. थोड्याच आठवड्यांत त्यांनीं पगार घेण्याचें नाकारलें, आणि पुढें ते स्वामींबरोबर हिंदुस्थानांत आले. विवेकानंदांचीं जीं व्याख्यानें आज ग्रंथरूपानें वाचावयास मिळतात, त्यांतील पुष्कळशीं या इंग्रज तरुणाच्या हातून उतरलीं आहेत. २ जून १८९८ रोजीं उटकमंड येथें आंतड्याच्या तापानें त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस होतें. स्वामींनीं त्यांच्या आईस एक कविता लिहून पाठविली. पण निवेदितांच्या टिपणांत त्याहून निराळी आणि अधिक मानवी गोष्ट आहे. गुडविनची मूर्ति डोळ्यांपुढून हलत नाहीं याची स्वामींस चीड येई. आठवणींनीं असें पछाडलें जाणें मर्दाला शोभत नाहीं, असें ते स्वतःलाच बजावीत. अल्मोड्यांतील देवदारांखालीं बसलेल्या त्या स्त्रियांस, परदेशीं सेवा करण्याची किंमत किती असूं शकते, हें व्याख्यानावांचून कळलें.

११ जून रोजीं मंडळीनें अल्मोडा सोडलें. खरा एकांत तेवढाच, साडेतीन आठवड्यांचा. परंतु त्याचें उपसंहाराचें पर्व काश्मीरांत घडलें. रावळपिंडीहून टांग्यानें बारामुल्ला, आणि तेथून झेलम नदींतून डोंग्यांनीं श्रीनगर. ४ जुलैच्या सकाळीं अमेरिकन बायकांस त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा अचानक आनंद द्यावा म्हणून विवेकानंदांनीं एक बेत केला, आणि त्यांत विश्वासांत घेतलें तें एकट्या निवेदितांना. अमेरिकन निशाण कधींही न पाहिलेल्या एका ब्राह्मण शिंप्यास बोलावून, तारे आणि पट्टे कसे बसवावयाचे तें समजावून, निशाण शिवून घेतलें. हिरव्या डहाळ्यांबरोबर तें नावेवर लावलें. ज्या बाईंशीं महिनाभर निशाणावरून भांडण झालें, त्यांच्याच हातून दुसऱ्याच देशाचें निशाण उभारविलें गेलें. यांत विनोद किती आणि धडा किती, हें ठरविणें कठीण आहे.

जुलैच्या अखेरीस अमरनाथची यात्रा निघाली. पाश्चात्य मंडळींपैकीं स्वामींबरोबर फक्त निवेदिता होत्या. साधूंच्या तंबूंजवळ परक्यांचे तंबू नकोत, अशी कुरकूर वाटेंत झाली. स्वामी जोरानें भांडण्याच्या बेतांत होते. तोंच एका नागा साधूनें त्यांस सांगितलें, कीं तुमच्यांत सामर्थ्य आहे हें खरें, पण तें प्रकट करूं नये. स्वामींनीं तें तत्काळ मानलें. २ ऑगस्ट रोजीं, सुमारें पावणेतेरा हजार फूट उंचीवरील त्या गुहेंत, विवेकानंदांस अमरनाथाच्या हिमलिंगापुढें मोठा साक्षात्काराचा अनुभव आला. निवेदितांस कांहींच आला नाहीं. त्या निराश झाल्या आणि रागावल्याही. मैत्रिणीला पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं तें लपविलें नाहीं. तुम्हांला आज समजत नाहीं, पण यात्रा घडली आहे, तिचें काम आंतून चालू राहील, असें समाधान स्वामींनीं केलें. मे महिन्यांतल्या त्या बाई असत्या तर वाद पेटला असता.

काश्मीरांतील नावेवरच शाळेचा आराखडा ठरला. निवेदितांनीं सांगितलें, कीं मला प्रारंभीं मदतनीस नको. लहान मूल अक्षरें गिरवीत शिकतें तसें मी चुका करीत शिकेन. आणि शाळेस निश्चित धार्मिक वळण असावें. अल्मोड्यास प्रत्येक वाक्यावर टीका करणारे गुरु या वेळीं म्हणाले, कीं मी यावर टीका करणार नाहीं. मला जशी स्फूर्ति आहे तशी तुम्हांलाही आहे असें मी मानतों. पांच महिन्यांतला हा पालट लहान नव्हे. श्रीनगरजवळ महाराजांनीं मठासाठीं व संस्कृत पाठशाळेसाठीं देऊं केलेली जमीन ब्रिटिश रेसिडेंटांनीं कौन्सिलच्या चर्चेस येऊंच दिली नाहीं, हीही घटना त्याच मुक्कामांतली. इंग्रजी निशाणाविषयीं जें वादानें पटलें नव्हतें, त्याचा थोडा भाग रेसिडेंट साहेबांनीं पटवून दिला असेल.

१३ नोव्हेंबर १८९८ रोजीं, कालीपूजेच्या दिवशीं, कलकत्त्याच्या बागबाजारांत बोसपाडा लेनमधील एका लहान घरांत शारदादेवींच्या हस्तें पूजा होऊन शाळा उघडली. पुढील वसंतांत प्लेग पुन्हां आला, तेव्हां ३१ मार्च १८९९ पासून स्वामी सदानंदांच्या जोडीनें निवेदितांनीं गल्ल्या झाडण्याचें काम सुरू केलें. या वेळीं मात्र त्यांस कोणीं डोंगरांत नेलें नाहीं. डॉ. राधागोविंद कर यांनीं त्यांस एका झोंपडींत प्लेग झालेल्या मुलाची शुश्रूषा करतांना पाहिलें; घराची सफेती त्या स्वतः करीत होत्या. एक गोरी बाई हातीं झाडू घेऊन गल्ली साफ करते हें पाहून मोहल्ल्यांतील तरुण लाजले आणि मदतीस आले. शाळा पैशाअभावीं मध्यंतरी बंद पडली, पुढें जर्मन-अमेरिकन भगिनी ख्रिस्तीन यांच्या साहाय्यानें पुन्हां उभी राहिली, आणि आजही ती चालू आहे.

सेव्हियर पतिपत्नी मैदानांत उतरलींच नाहींत. अल्मोड्याहून पुढें, मायावती येथें, स्वरूपानंदांच्या साहाय्यानें त्यांनीं १९ मार्च १८९९ रोजीं अद्वैत आश्रम स्थापिला. तेथें कोणतीही मूर्ति वा पूजा नसावी असा नियम ठेवला. २८ ऑक्टोबर १९०० रोजीं कॅप्टन सेव्हियर वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें हिंदु रीतीनें त्यांचें दहन झालें. विधवा पत्नीचें सांत्वन करण्यासाठीं आजारी विवेकानंद १९०१ च्या जानेवारींत बर्फ तुडवीत मायावतीस गेले. मिसेस सेव्हियर त्यानंतरही अनेक वर्षें तेथेंच राहिल्या.

निवेदितांच्या बाबतींत अल्मोड्याच्या धड्याचा परिणाम मात्र, धडा देणाऱ्यांच्या संस्थेस झेपेल त्याहून अधिक झाला. विवेकानंद ४ जुलै १९०२ रोजीं निवर्तले. निवेदितांचें मन तोंवर राजकारणाकडे वळलें होतें. रामकृष्ण मिशनला राजकारण वर्ज्य. तेव्हां मठाचे अध्यक्ष ब्रह्मानंद यांच्याशीं बोलणें होऊन त्यांनीं, आपलें कार्य यापुढें मिशनहून स्वतंत्र समजावें, असें त्याच महिन्यांत वर्तमानपत्रांतून जाहीर केलें. जी स्त्री इंग्रजी निशाणावर घाव नको म्हणून रोज सकाळीं गुरूशीं भांडत असे, तिला त्या निशाणाविरुद्ध बोलण्यासाठीं गुरूचा मठ सोडावा लागला. त्याच वर्षीं मुंबई व नागपूर येथें त्यांचीं व्याख्यानें झालीं. मठाशीं असलेलें स्नेहाचें नातें मात्र कोणत्याही बाजूनें तुटलें नाहीं. बोसपाडा लेनमधील घरीं संन्यासी येत-जात राहिले. पुढें १३ ऑक्टोबर १९११ रोजीं दार्जिलिंग येथें, जगदीशचंद्र बसूंच्या बिऱ्हाडीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला, तोंवर त्या आपली सही करीत ती ‘रामकृष्ण-विवेकानंदांची निवेदिता’ अशी.